तळघरातली रात्र : लिव्हरपूलचे तीन दिवस

पहिला दिवस : रविवार, १७ जुलै २०२२

लंडनच्या यूस्टन स्टेशनवर सकाळपासून एकच सूचना कानावर पडत होती : उद्या आणि परवा अगदी गरज असेल तरच प्रवास करा. ब्रिटनच्या हवामान खात्यानं अति-उष्णतेचा लाल इशारा दिला होता, त्यांच्या इतिहासातला पहिला. म्हणून मी रविवारीच निघाले. सव्वादोन तासांत गाडी लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनात शिरली. भाची मँचेस्टरहून आधीच येऊन थांबली होती. ती तिथे शिकते. तिनं माझी बॅग घेतली, हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "मावशी, आधी हे संपव. मग बोलू."

या गावाशी माझं नातं कॅसेटचं आहे. ताई आणि मी लहान असताना घरात इथल्याच बीटल्स या बँडची एक कॅसेट होती. शब्द कळायचे नाहीत, पण त्या गाण्यांत दोन आवाज असतात, एक वरचा, एक खालचा, हे आम्हाला कुणी न सांगता कळलं होतं. ताई खालचा सूर धरायची, मी वरचा. ताई म्हणजे या भाचीची आई. लिव्हरपूलला दोघींनी मिळून जायचं असं किती वर्षं ठरत होतं. या खेपेला तिचं जमलं नाही, आणि तिच्या जागी तिची लेक आली.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर सेंट जॉर्जेस हॉलचे प्रचंड खांब दिसतात. ही इमारत १८५४ ची. तिच्या पायऱ्यांवर एरवी माणसं ऊन खात बसत असतील. त्या दिवशी सगळे खांबांच्या सावलीच्या पट्ट्यांत ओळीनं बसले होते, आणि सावली सरकली की तेही सरकत होते.

दुपारी मॅथ्यू स्ट्रीटवर गेलो. गल्ली अरुंद आहे, दोन्ही बाजूंना उंच विटांच्या इमारती. इथल्या एका गोदामाच्या तळघरात १६ जानेवारी १९५७ ला कॅव्हर्न क्लब सुरू झाला, तोही जॅझसाठी. रॉक अँड रोल तिथे मागच्या दारानं आलं. बीटल्स या नावानं ती मुलं इथे पहिल्यांदा वाजली फेब्रुवारी १९६१ मध्ये आणि शेवटची ३ ऑगस्ट १९६३ ला. क्लबच्या हिशेबानं मधल्या काळात २९२ वेळा. त्यांतले कितीतरी कार्यक्रम भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत होत. ऑफिसात काम करणाऱ्या मुली तास-दीड तास इथे येऊन नाचायच्या आणि कपड्यांना कॅव्हर्नचा वास घेऊन परत टाइपरायटरवर बसायच्या.

त्या वासाबद्दल आणि उकाड्याबद्दल तिथे गेलेल्या प्रत्येकानं सांगून ठेवलंय. विटांचे तीन लांबट बोगदे, वर कमानी, हवा जायला-यायला वाट जवळजवळ नाही. शेकडो माणसांच्या श्वासातली वाफ त्या कमानींना लागून थंड व्हायची आणि थेंबांनी खाली यायची. छताच्या चुन्याचे पोपडे नाचणाऱ्यांच्या केसांत पडायचे. त्याला लोक 'कॅव्हर्नचा कोंडा' म्हणायचे. पाणी ॲम्प्लिफायरमध्ये शिरलं की फ्यूज उडायचा, आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलं गप्पा मारून, नकला करून, पियानो बडवून वेळ निभावून न्यायची. ही गोष्ट मी वाचली होती तेव्हा ती मजेशीर वाटली होती. उद्या रात्री ती मला वेगळ्या रीतीनं कळणार होती.

मूळ क्लब १९७३ मध्ये बंद झाला. भुयारी रेल्वेला हवा जायला-यायला उभा बोगदा हवा म्हणून इमारत पाडली आणि तो बोगदा तिथे कधी झालाच नाही. जागा गाड्या लावायला वापरली गेली. १९८४ मध्ये जुन्याच विटांपैकी बऱ्याच वापरून क्लब पुन्हा बांधला, मूळ जागेचा बराचसा भाग व्यापून. आम्ही खाली उतरलो. कमानी सुंदर आहेत. एक जण गिटार घेऊन ती जुनी गाणी गात होता आणि चार-पाच देशांची माणसं फोन वर धरून उभी होती. मी एका विटेला तळहात लावून थोडा वेळ उभी राहिले. मनात भरून आलं, हे खरं. पण गर्दीत उभं राहूनही मी ते सगळं काचेतून बघत असल्यासारखी बघत होते, हेही खरं. वर आल्यावर भाचीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "उद्या रात्रीचं काही ठरवू नकोस. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा बँड आहे. ती ड्रम वाजवते."

दुसरा दिवस : सोमवार, १८ जुलै

सकाळी आठ वाजताच खोलीच्या भिंती गरम लागत होत्या. इथली घरं ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. जाड विटा, लहान खिडक्या, जमिनीवर गालिचा. हिवाळ्यात जे कामाचं तेच आज अंगावर आलं होतं. पंखा नव्हता. भाचीनं टॉवेल ओला करून खिडकीला टांगला.

ऊन चढायच्या आत बसनं वेस्ट डर्बीला गेलो, हेमन्स ग्रीन या रस्त्यावरचं एक घर बघायला. बीटल्सचं कॅव्हर्नच्या आधीचं तळघर ते हेच. मोना बेस्ट नावाच्या बाईंनी २९ ऑगस्ट १९५९ ला आपल्या घराच्या तळघरात मुलांसाठी 'कासबा कॉफी क्लब' उघडला. पहिल्या रात्री वाजवायला आली ती जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि केन ब्राउन ही पोरं. तेव्हा त्यांचं नाव क्वारीमेन होतं आणि त्यांच्याकडे ड्रमवाला नव्हता. तळघराची छतं या मुलांनीच रंगवली आहेत. पॉलचं इंद्रधनुष्य अजून तिथे आहे. २००६ पासून ही वास्तू संरक्षित आहे.

आत जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते. आम्ही ती ठरवली नव्हती, म्हणून फाटकापाशीच उभ्या राहिलो. मला तळघराइतकंच त्या बाईंचं आकर्षण होतं. मोना बेस्ट यांचा जन्म दिल्लीचा. त्यांचा मुलगा पीट, जो पुढे १९६० ते १९६२ बीटल्सचा ड्रमर होता, तो जन्मला मद्रासमध्ये, १९४१ साली. १९४५ मध्ये हे कुटुंब जहाजानं लिव्हरपूलला आलं. हे पंधरा खोल्यांचं घर त्यांनी कसं घेतलं त्याची कथा अशी सांगतात, की मोनाबाईंनी दागिने गहाण टाकले आणि १९५४ च्या डर्बी शर्यतीत 'नेव्हर से डाय' या घोड्यावर पैसे लावले. घोडा एकास तेहतीस या भावानं जिंकला. दागिने गहाण टाकणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ते दागिने पुढे पोरांच्या गाण्याबजावण्याच्या उपयोगी पडल्याचं ऐकायला मिळतं ते क्वचितच. भाची म्हणाली, "आईला सांगायला हवं हे." मी तिथूनच ताईला घराचा फोटो पाठवला.

दुपार नदीवर काढली. मर्सीवरची फेरी वाऱ्यासाठी घेतली, पण वाराही गरम होता. त्याच दिवशी इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, वेल्सच्या हद्दीतल्या हॉवर्डनला ३७.१ अंश नोंदले गेले, वेल्समधला तोवरचा उच्चांक. अल्बर्ट डॉकच्या लाल विटांच्या गोदामांखाली, कमानींच्या सावलीत तास-दोन तास नुसत्या बसून राहिलो. ही गोदामं १८४६ ची, बांधताना आगीच्या भीतीनं लाकूड टाळून लोखंड, वीट आणि दगड यांत उभी केलेली. त्या दुपारी विटेला हात लावला तर ती आतून शेकत होती.

संध्याकाळी बोल्ड स्ट्रीट चढून वर गेलो. टोकाला सेंट ल्यूकचं चर्च आहे, मे १९४१ च्या बाँबफेकीत छप्पर गेलेलं आणि तसंच राखलेलं. त्याच्या बागेतल्या झाडांखाली गवतावर आडव्या झालो. नऊ वाजत आले तरी ऊन होतं. जुलैत इथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो.

कार्यक्रमाची जागा तिथून जवळच, मागच्या एका गल्लीत, पबच्या खालचं तळघर. दारात एका मुलीनं माझ्या डाव्या मनगटावर निळा शिक्का मारला. एक लहानसा तारा. शिक्का बसेना, कारण मनगट घामानं ओलं होतं. तिनं आपल्या बाहीनं ते पुसलं आणि पुन्हा दाबून मारला. जिना उतरताना प्रत्येक पायरीला हवा दाट होत गेली. खाली जाऊन बघते तर आमच्या दिवाणखान्याच्या दुप्पट खोली, बुटकं छत, एका टोकाला वीतभर उंचीचं लाकडी व्यासपीठ. माणसं ऐंशीच्या आसपास. बसायला काही नाही.

माणूस स्वस्थ बसला तरी त्याच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. नाचायला लागला की तिप्पट-चौपट. ऐंशी माणसं नाचत असतील तर त्या खोलीत पंधरा गीझर एकदम चालू आहेत असं धरायला हरकत नाही. एरवी घाम वाळतो आणि शरीर निवतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. पण कोंडलेल्या खोलीत हवा वाफेनं भरली की घाम वाळायचं थांबतो, नुसता वाहतो. चक्कर येते ती तिथे. भाचीनं मला भिंतीशी, जिन्याच्या जवळ उभं केलं आणि ताकीद दिली, "बरं वाटेनासं झालं तर माझा दंड दाब. ओरडून काही ऐकू यायचं नाही." मग कानात घालायला फोमची बोंडं दिली. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. अशा खोल्यांत शंभर सहज होतात. ज्यांना हे संगीत म्हातारपणीही ऐकायचं आहे त्यांनी बोंडं घालावीतच, हे मी आता सगळ्यांना सांगते.

बँड तिघांचा. गिटार वाजवत गाणारा एक सडपातळ मुलगा, बेसवर एक उंच, गंभीर चेहऱ्याचा मुलगा आणि ड्रमवर भाचीची मैत्रीण. तिनं केस वर घट्ट बांधले होते आणि पायाशी पाण्याची बादली ठेवली होती. त्यात दोन टॉवेल.

पहिला ठोका पडला तो कानाला लागायच्या आधी पोटाला लागला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॅसेटमधून, रेडिओतून, फोनमधून इतकी वर्षं जे ऐकलं त्यात बेसचा हा भाग येतच नाही. बेसची तार छेडली की माझ्या पाठीमागची भिंत थरथरत होती आणि ती थरथर माझ्या पाठीत येत होती. गाणी त्यांची स्वतःची होती, वेगवान, दोन-तीन मिनिटांची. शब्द अर्धे कळत होते. तिसऱ्या गाण्यापर्यंत गाणाऱ्या मुलाचा शर्ट अंगाला चिकटला, पाचव्याला गिटारच्या मुठीवरून घाम ओघळू लागला.

प्रत्येक गाण्यानंतर तो मुलगा गिटारच्या तारा सुरात लावत होता. उष्णतेनं पोलादी तार किंचित लांबते, सैल पडते आणि सूर उतरतो. ड्रमची कातडीही सैलावते. मैत्रीण खिशातून छोटी चावी काढून कडेचे स्क्रू आवळत होती, बोटानं टिचकी मारून ऐकत होती, पुन्हा आवळत होती. गर्दी थांबून राहायची. कुणी हुर्यो करत नव्हतं. पबच्या बाईनं वरून पाण्याचे जग आणले आणि ते डोक्यांवरून हातोहात पुढे गेले. इथल्या कायद्यानं पबमध्ये मागेल त्याला नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. त्या बाई मात्र कुणी मागायची वाट बघत नव्हत्या. एक जग माझ्यापाशी आला. शेजारच्या, कधी न पाहिलेल्या मुलीनं आधी मला पाजलं, मग स्वतः प्यायली.

साधारण पाऊण तासानं, एका गाण्याच्या ऐन मध्यावर, गाणाऱ्याचा आवाज नाहीसा झाला. ओठ हलत होते, गिटार वाजत होती, पण आवाज नाही. माइक ज्या पॉवर ॲम्पला जोडला होता तो तापून बंद पडला होता. या यंत्रांत तशी सोयच असते. ठरावीक तापमानापलीकडे गेलं की जळण्याऐवजी ती स्वतःला बंद करतात आणि निवेपर्यंत कुणाचं ऐकत नाहीत. ध्वनीवाला मुलगा टेबलफॅन उचलून त्याच्या मागे धरायला धावला.

मला वाटलं, थांबतील. मैत्रिणीनं गाणाऱ्याकडे बघितलं. त्यानं गिटारच्या ॲम्पचा आवाज इतका उतरवला की तारांवर नखाचा खरखराट ऐकू यावा. बेसवाल्यानंही. तिनं काठ्या बाजूला ठेवल्या आणि ड्रमवर बोटांनी ठेका धरला. मग तो मुलगा व्यासपीठावरून उतरला, गर्दीच्या मधोमध आला आणि गात राहिला. गळ्यातून, नुसता.

ऐंशी माणसं एकदम शांत झाली. कमानीसारख्या त्या बुटक्या छताखाली एका माणसाचा आवाज किती जवळ येतो! त्याचा श्वास ऐकू येत होता, वरचा स्वर लावताना गळ्यात पडणारी चीर ऐकू येत होती. मी कानातली बोंडं काढून मुठीत धरली. गाण्याचं धृपद चार शब्दांचं होतं, आणि एव्हाना ते सगळ्यांना आलं होतं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा पुढच्या रांगेनं धरलं, तिसऱ्यांदा साऱ्या खोलीनं. मीही धरलं. वरचा सूर, जो मी कायम धरते तोच.

आणि माझ्या उजव्या कानाशी खालचा सूर लागला.

मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तुटलं असतं. भाचीला मी गाताना कधी ऐकलं नव्हतं. ती गात नाही, असंच घरात सगळे समजतात. पण तो सूर तिसऱ्या स्वराच्या अंतरानं, अगदी तिथेच होता जिथे ताई लावते. शेवटचा शब्द किंचित ओढायची ताईची सवयसुद्धा तशीच. छतावरून एक थेंब माझ्या कपाळावर पडला, मग गळ्यावर. वाफेचं पाणी. वाचताना ज्या गोष्टीची मजा वाटली होती ती आता माझ्या अंगावर होती. फ्यूज उडायचा तेव्हा त्या दुपारच्या मुलींना याहून वेगळं काय मिळत असेल? यंत्र बंद पडलं की मधलं सगळं गळून जातं, आणि गाणारा आणि ऐकणारा एकाच हवेत उरतात. तीही एकमेकांच्या फुप्फुसांतून आलेली हवा.

दहा-बारा मिनिटांनी ॲम्प निवला. माइक परत आला, काठ्या परत आल्या, पुढची पाच गाणी त्यांनी जीव तोडून वाजवली. शेवटच्या गाण्यात मैत्रिणीनं बादलीतला टॉवेल काढून डोक्यावर पिळला आणि पुढचा ठोका मारला तेव्हा ड्रमवरून पाण्याचा फवारा उडाला. दिव्यात तो क्षणभर दिसला. पुढचे सगळे भिजले आणि आनंदानं ओरडले.

बाहेर आलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. गल्लीत सगळे भिंतींना टेकून फुटपाथवर बसले होते, वाफाळत. रात्रही उतरायला तयार नव्हती. त्या रात्री या देशात काही ठिकाणी पारा २५ च्या खाली गेलाच नाही. मैत्रीण बाहेर आली. तिचे तळहात सोलवटले होते. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. बोलायला गेले तर आवाज बसला होता. ती हसली आणि भाचीला म्हणाली, "तू गात होतीस. मला वरून दिसत होतं." भाची काही बोलली नाही.

तिसरा दिवस : मंगळवार, १९ जुलै

कानात बारीक शीळ होती, ते काही मिनिटं बोंडं काढली त्याचं देणं. दुपारपर्यंत ती गेली.

लाइम स्ट्रीटवर फलकावर लंडनच्या गाड्यांपुढे एकामागून एक 'रद्द' येत गेलं. इथले रूळ २७ अंशांना ताण शून्य राहील अशा बेतानं बसवलेले असतात. उन्हात रूळ हवेपेक्षा वीस अंशांपर्यंत अधिक तापू शकतात, आणि मग ते वाकडे होण्याचं भय असतं. स्टेशनवर सगळे फोनमध्ये बघत होते : हीथ्रोला चाळीस पार. संध्याकाळी कळलं, लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३. त्या दिवसाआधी या देशात तापमापकानं चाळीस कधी ओलांडली नव्हती. २०१९ चा ३८.७ चा उच्चांक एका दिवसात मागे पडला होता. लंडनच्या बाजूला त्या दुपारी गवताला लागलेल्या आगीत घरं जळाली. ज्या उकाड्यानं मला ती रात्र दिली, त्यानंच कुणाचं घर नेलं होतं. या दोन गोष्टी माझ्या मनात आजही शेजारी-शेजारीच आहेत.

मी भाचीबरोबर मँचेस्टरला जायचं ठरवलं. गाडी जुन्या मार्गानं गेली. १८३० मध्ये दोन शहरांमधली जगातली पहिली प्रवासी आगगाडी याच वाटेनं धावू लागली होती. आमची गाडीही जवळजवळ त्याच चालीनं निघाली. खिडकीबाहेर करपलेलं गवत होतं. भाची झोपून गेली. तिच्याही मनगटावर तो निळा तारा होता, घामानं पसरून फुलासारखा झालेला.

अर्ध्या वाटेत ताईचा फोन आला. रात्रीचं सगळं तिला हवं होतं. मी हळू आवाजात सांगत गेले : शिक्का, बादली, ॲम्प, तो मुलगा गर्दीत कसा उतरला ते. गाणं कसं होतं, म्हणाली. नाव मला माहीत नव्हतं. मी बसलेल्या आवाजात ते चार शब्दांचं धृपद गुणगुणून दाखवलं.

थोडा वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ताईनं विचारलं, "खालचा कोण धरत होतं?"

मी भाचीला हलवून उठवलं आणि फोन तिच्या हातात दिला.